हॉटेल मखमलचा जानोसा

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी आयुष्यभर खलनायक केला. कधी सावकार, कधी सरदार, कधी नुसताच दुष्ट काका. शेवटच्या अंकात नायकाचा वार लागून मी धाडकन कोसळलो की मंडपातल्या बाया टाळ्या वाजवत. असे हजारो लोकांसमोर घेतलेले आणि भोगलेले सूड माझ्या अंगावर आहेत. पण खऱ्या जगातला सूड मी एकदाच पाहिला. नागपूरच्या गणेशपेठेत, चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसून. त्यात नायक कोण होता हे मी आता सांगतो.

त्याचं नाव चंद्रभान. आमची ओळख त्याच्या सायकल रिक्षाच्या काळातली. हंगाम संपला की आमची कंपनी भाड्याचे पडदे आणि पोशाख परत करायला नागपुरात येई. बसस्टँडवर उतरलो की आमच्यासोबतच्या पेट्या आणि बायामाणसं पाहून लॉजवाले मान हलवायचे. नाटकवाल्यांना खोली कोण देणार? तेव्हा हा काळा, उंच, बोलायला कंजूष माणूस पुढे आला आणि म्हणाला, "बसा मास्तर. स्वस्त पायजे अन् साफ बी पायजे ना?"

स्वस्त आणि साफ या दोन गोष्टी एका छपराखाली नांदतात, हे मला त्यानं दाखवलं. त्याची पारख साधी होती. लॉजच्या गच्चीवर सकाळी चादरी वाळत दिसल्या नाहीत, तर तो त्या दारात रिक्षाच थांबवत नसे. गावाहून दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, परीक्षेसाठी आलेली माणसं त्याच्या रिक्षात बसत आणि खोली मिळाल्यावर त्याला दुवा देत. गिऱ्हाईक जिना चढून वर गेलं की काउंटरवरचा माणूस चंद्रभानच्या हातात त्याचं कमिशन ठेवी. हा त्या धंद्याचा रिवाज आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्या काळी त्याची सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं जात ती हॉटेल मखमलमध्ये. मालक मनोहरराव. नाव मखमल, कारण खाली काउंटरसमोर लाल मखमलीचा एक मोठा सोफा होता. तेवढाच. वर सगळ्या लोखंडी खाटा. पण चादरी धुतलेल्या असत, आणि चंद्रभानला तेवढं पुरे होतं.

चंद्रभान राहायचा लकडगंजात, आरा मशिनींच्या मागच्या गल्लीत. तिथं लाकडाचा भुसा दिवसभर हवेत असतो, भाकरीवर बसतो, पापण्यांवर बसतो. त्याची माय जिजाबाई भिवापूरकडच्या खेड्यात असे. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपुरात झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की काही दिवस धुळीपासून जपा. भुशाच्या गल्लीत तिला कसं न्यायचं? चंद्रभान मनोहररावांकडे गेला. त्यानं खोली फुकट मागितली नाही. पैसे आधी मोजले आणि मायला खालच्या मजल्यावरच्या खोलीत निजवून रिक्षा घेऊन गेला.

लग्नाचे दिवस होते. दुपारी एक मोठं कुटुंब आलं, त्यांना सगळ्या खोल्या सलग हव्या होत्या. मनोहररावांनी जिजाबाईला सांगितलं, पोरगा येईपर्यंत बाहेर सोफ्यावर बस. ती बसली. मग त्या कुटुंबातल्या कुणीतरी नाक मुरडलं, की डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी समोर बसवली आहे, हे हॉटेल आहे की दवाखाना. तेव्हा मनोहररावांनी नोकराकरवी तिचं बोचकं उचललं आणि तिला बाहेरच्या पायरीवर बसवलं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि धूळ उडत होती. चंद्रभान आला तेव्हा जिजाबाई पदराने डोळा दाबून बसली होती, आणि आपल्यामुळे पोराचा धंदा बिघडू नये म्हणून म्हणत होती की मीच बाहेर आले बाबू, आत गरम होत होतं.

तो डोळा गेला. धुळीनं गेला की आणखी कशानं, हे डॉक्टरांनी कधी ठामपणे सांगितलं नाही. चंद्रभानला विचारायची गरज वाटली नाही. तो मखमलच्या काउंटरवर गेला आणि मनोहररावांना म्हणाला, "शेठ, तुमच्या घरचा मान या पायरीवर बसलेला मी पाहीन."

मनोहरराव हसले. त्यांना वाटलं, रिक्षावाला चिडला आहे, उद्या कमिशनसाठी येईल.

तो आला नाही. त्या दिवसापासून त्याच्या रिक्षातलं एकही माणूस मखमलमध्ये गेलं नाही. तो कुणाला मखमलची निंदा सांगत नसे, फक्त हँडल दुसऱ्या गल्लीत वळवत असे. हळूहळू स्टँडवरचे बाकीचे रिक्षावालेही वळवू लागले. चहा पिताना तो मला सांगायचा की आज मखमलच्या वरच्या मजल्यावर एकच दिवा होता. इतक्या आनंदानं सांगायचा, जणू घरी लेक जन्मली असावी.

मग मोबाइल आले. मनोहररावांनी कुणाकडून तरी खोल्यांचे फोटो काढून घेतले. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, बाजूला दिवा. लोक घरबसल्या स्वस्तातलं हॉटेल शोधू लागले आणि मखमल पुन्हा भरलं. चंद्रभाननं कर्ज काढून ई-रिक्षा घेतली होती. प्रवासी बसायचे, फोन त्याच्या नाकासमोर धरायचे, आणि त्यावर मखमल असायचं. नाही म्हणावं तर पोट कसं भरायचं?

"मीच लोकायले त्याच्या दारात नेऊन सोडून राहिलो मास्तर," तो एकदा म्हणाला. जिजाबाई तोवर गेली होती. हँडलजवळ काचेमागे तिचा काळ्या चष्म्यातला फोटो चिकटवलेला असे. त्या फोटोकडे बघायचं टाळून तो बोलत होता.

गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या घरी आला. नाटकं सुटल्यापासून मी नागपुरातच, नंदनवन भागात राहतो. मनोहररावांच्या मुलीचं, रितिकाचं लग्न ठरलं होतं. वरपक्ष अकोल्याचा. आपल्याकडे वरपक्षाच्या उतरण्याच्या जागेला जानोसा म्हणतात, आणि तो नीट ठेवणं ही मुलीच्या बापाची जबाबदारी. मनोहररावांनी खर्च वाचवला. जानोसा आपल्याच हॉटेलात ठेवला. समोरची भिंत रंगवली, बाकी होतं तसंच.

चंद्रभाननं खिशातून एक काडीपेटी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत काहीतरी खसखसत होतं.

"काय आहे गा हे?"

"ढेकून. लकडगंजातल्या एका जुन्या पलंगातले. वऱ्हाड उतरलं का सामान वर नेता नेता गाद्यायवर सोडतो. पाहू मंग कसा जानोसा होते."

मी खूप हसलो. मग त्याला विचारलं की हे चावणार कुणाला? अकोल्याच्या पोरीबाळींना. मनोहरराव तर घरी आपल्या पलंगावर झोपणार. आणि उद्या नाव कुणाचं बिघडणार? रितिकाचं. तिनं तुझं काय केलं?

मी त्याला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. नाटकात खलनायक का हरतो? कारण तो फार करतो आणि फार बोलतो. विष घालतो, पत्रं बदलतो, आणि मग शेवटी पकडला जातो. ज्याची बाजू खरी असते त्यानं फक्त घडलं तेवढं सांगावं आणि गप्प राहावं. "घडलं तेवढं?" त्यानं विचारलं. घडलं तेवढंच, मी म्हणालो. काडीपेटी मात्र त्यानं उचलून परत खिशात घातली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी मखमलसमोरच्या टपरीवर जाऊन बसलो. कुठला नट पहिल्या रांगेतली जागा सोडेल? गल्ली गटाराच्या कामासाठी खोदलेली होती, मोठी गाडी आत येत नव्हती, म्हणून हॉटेलच्या मॅनेजरनं स्टेशनवरून वऱ्हाड आणायला ई-रिक्षा बोलावल्या होत्या. चंद्रभान न बोलावता त्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. त्यानं सीटवर धुतलेली पांढरी चादर अंथरली होती, त्यामुळे नवरदेवाची आजी यमुताई बरोबर त्याच्याच रिक्षात बसली.

पुढचं बोलणं त्यानं मला नंतर सांगितलं. त्या घरची रीत अशी की जानोसा आधी घरातली सगळ्यात मोठी बाई पाहणार. तिनं हो म्हटल्याशिवाय कुणी पेटी उघडायची नाही. म्हणून यमुताईनं विचारलं की हॉटेल कसं आहे. तो गप्प राहिला. मग तिची नजर फोटोवर गेली.

"ही कोन गा?"

"माय माही."

"काळा चष्मा काहून?"

चंद्रभाननं घडलं तेवढं सांगितलं. खोली, मग सोफा, मग पायरी. एक शब्द वर नाही.

रिक्षा आल्या. स्पीकरवर सनई सुरू होती. मनोहरराव गुलाबी फेटा बांधून हार घेऊन उभे होते. यमुताई उतरली, हाराकडे पाहिलं नाही, आणि मागे वळून चंद्रभानला विचारलं, "कोनती पायरी?"

त्यानं बोट दाखवलं. ती सरळ जाऊन त्या पायरीवर बसली, भरजरी लुगड्यासकट.

मी टपरीवर उभाच राहिलो. सनई कुणीतरी बंद केली. मनोहरराव वाकून म्हणाले, "आजी, इथं काहून बसल्या? आत चला ना, एसी लावला आहे."

"या पायरीवर कोनाची माय बसवली होती तुम्ही?"

मनोहररावांना आठवेना. खरंच आठवेना. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाले की हॉटेल आहे, कितीक लोक येतात जातात. मी चंद्रभानचा चेहरा पाहत होतो. इतकी वर्षं जी आग त्यानं तळहातावर सांभाळली, तिची धगसुद्धा या माणसापर्यंत पोचली नव्हती. त्या क्षणी त्याच्या हातात काही असतं तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

तो पुढे आला. "जिजाबाई," तो म्हणाला. "डोयाले पट्टी होती."

आता मनोहररावांना आठवलं. "अबे चंद्रभान, थे किती जुनं झालं. लग्नाचा सीझन होता बा."

"सीझन तर आजही हाये," यमुताई म्हणाली. मग तिनं आपल्या मुलाला बोलावून सांगितलं की लग्न ठरल्या वेळी लागेल, पोरीचा यात काही दोष नाही, पण जानोसा या घरात नाही. सामान खाली उतरवू नका.

मग जी धावपळ झाली ती पाहण्यासारखी होती. मनोहरराव फोन लावत होते. मोठ्या हॉटेलांत जागा नव्हती, लहान लॉजवाले ऐन लग्नसराईत हसून फोन ठेवत होते. अकोल्याची माणसं उन्हात उभी, पोरं कुरकुरत होती, आणि यमुताई पायरीवर पान लावत बसली होती. चंद्रभान तेवढ्यात पाणी प्यायला आत काउंटरपर्यंत जाऊन आला. शेवटी तिनंच हनुवटीनं चंद्रभानकडे इशारा केला. "त्याले माहीत असन. इचारा त्याले."

मनोहररावांनी फेटा सारखा केला. "चंद्रभान, पाहा ना गा काही."

"काय म्हनलं शेठ? गाड्यायच्या आवाजात ऐकू नाही आलं."

गल्लीत एकही गाडी चालू नव्हती. मी मोठमोठे नट पाहिले आहेत, पण असा विराम कुणाला जमलेला पाहिला नाही. सगळं वऱ्हाड ऐकत होतं. बायको ऐकत होती, नोकर ऐकत होते. मनोहररावांनी हात जोडले आणि पुन्हा, मोठ्यानं म्हणाले, "माह्या पाहुन्यायले जागा पाहून दे बापा."

चंद्रभाननं फोन काढला. बसस्टँडमागच्या ज्या बारक्या लॉजमध्ये तो आम्हा नाटकवाल्यांना नेत असे, त्यांच्या मालकांना त्यानं एकेक करून विनवलं. कुणी घरच्यांची खोली रिकामी केली, कुणी गच्चीवर मांडव घातला. सगळं वऱ्हाड दोनतीन लॉजमध्ये सामावलं. तिथं पाकळ्या नव्हत्या, पण चादरींना उन्हाचा वास होता. यमुताईची पेटी मनोहररावांनी स्वतः उचलून चंद्रभानच्या रिक्षात ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, पण ती तशीच नजर लावून बसली होती.

रितिकाचं लग्न छान लागलं. त्या संध्याकाळी मात्र मखमल दिव्यांच्या माळांनी उजळून निघालं होतं आणि आत एकही माणूस नव्हतं. मनोहरराव टपरीवर आले. चंद्रभानसमोर उभे राहून म्हणाले, झालं गेलं विसर, माफ कर.

"मले काहून मांगता?" चंद्रभान म्हणाला. "मले तं तुम्ही काहीच केलं नाही. जिले केलं, थे नाही राहिली." आणि त्यानं चहाचा घोट घेतला.

मी सवयीनं मध्ये पडलो. म्हणालो, चंद्रभान, माणूस दारात आला आहे, दोन शब्द बोल. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी माझा कप तोंडाला लावला. काही अंक दुसऱ्याचे असतात, तिथं आपण बोलू नये.

मनोहरराव परत गेले. काचेतून आम्हाला दिसत होतं. ते थकून काउंटरसमोरच्या लाल मखमलीच्या सोफ्यावर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी मान खाजवली. मग पाठ. मग उठून सोफ्याकडे पाहिलं, पुन्हा बसले, आणि पुन्हा खाजवू लागले.

मी चंद्रभानकडे वळलो. त्यानं खिशातून काडीपेटी काढून बाकावर माझ्यासमोर ठेवली. मी उघडून पाहिली.

रिकामी होती.

"सोफ्यावर पोरीबाळी थोड्याच बसते मास्तर," तो म्हणाला. "तिथं तं मालकच बसते."

मी त्याला रागावलो. वयानं मोठा आहे, रागवावं लागतं. मग दोन चहा आणखी सांगितले आणि आम्ही बाक थोडा पुढे ओढला, म्हणजे काचेतलं नीट दिसेल.