अंड्यांच्या जागी आलेली पावडर

मी मूळची चिपळूणची. शिक्षिकेची नोकरी लागली म्हणून सिल्वासात आले आणि इथलीच झाले. राहते आमलीत, आणि तेव्हा शिकवायचे खडोलीच्या बाजूच्या एका निवासी शाळेत. मुली बहुतेक वारली घरांतल्या. त्यांचे आईबाप कुणी कारखान्यात, कुणी डोंगराकडच्या शेतावर. वर्ग सांभाळून मुलींच्या जेवणावर देखरेख करणं हेही माझंच काम होतं.

जेवणात अंडं असलं की पंगत वेळेआधीच बसायची. मुली पांढरं आधी संपवायच्या आणि बलक शेवटपर्यंत राखून ठेवायच्या. मग एका वर्षी शाळा उघडली आणि अंडी आलीच नाहीत. मी मुख्याध्यापकांना विचारलं.

"वरून बंद झालंय," ते म्हणाले. "कुणाच्या तरी भावना दुखावतात म्हणे."

"कुणाच्या? मुली तर रोज अंडं कधी मिळणार म्हणून विचारतायत."

"बाई, ते मला विचारून काय होणार?"

काही दिवसांनी आम्हा शिक्षकांना शहरातल्या एका हॉटेलात पोषणाच्या कार्यक्रमाला बोलावलं. एका पावडरच्या कंपनीने तो ठेवला होता. कंपनीच्या माणसाने पडद्यावर जगाचा नकाशा दाखवला. कुठल्या कुठल्या देशांतल्या शाळांत हीच पावडर चालते ते सांगितलं, आणि प्रत्येक देशातलं एकेक हसरं पोर दाखवलं. कुठलंही पोर असो, हातात तेच गुलाबी पाकीट. त्या पोरांच्या घरी काय शिजतं, हे त्याने एकदाही सांगितलं नाही. नंतर एका पुढाऱ्याने सात्त्विक आहारावर भाषण केलं. मुलांच्या ताटात काय असावं आणि काय नसावं, हे समाजाच्या भावना बघून ठरवायला हवं, असं तो म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या वेळी तो माझ्यासमोरच्या टेबलावर बसला. त्याने अंडाकरी घेतली, दुसऱ्यांदा मागवून घेतली, आणि मनगटावर ओघळलेला रस्सा चाटून तो कंपनीच्या माणसाशी हसत बोलत राहिला. ताट तसंच ठेवून मी उठले.

पुढच्याच आठवड्यात पावडर शाळेत आली. कोमट पाण्यात कालवली की तिला नेलपॉलिशसारखा वास यायचा. त्याला स्ट्रॉबेरी म्हणायचं, हे पाकिटावरून कळलं. आमच्या मुलींनी स्ट्रॉबेरी कधी बघितलीसुद्धा नव्हती. मी एक पेला प्यायले. जिभेवर साखरेचा थर बसला आणि घशाशी खडूसारखं काहीतरी अडकलं. सातवीतली एक मुलगी पिऊन उठली ती थेट मोरीवर जाऊन ओकली. तिच्या मागोमाग आणखी दोघी ओकल्या. मोरीतला तो गुलाबी फेस आणि त्यावर बसलेल्या माश्या मला अजून आठवतात.

मी तक्रार केली, तेव्हा कंपनीचा माणूस शाळेत आला. "शुरू शुरू में होता है, मॅडम. आदत हो जाएगी."

"अन्नाची सवय लावावी लागते का? ते काय तंबाखू आहे?" मी म्हणाले.

तो हसला आणि त्याने मुख्याध्यापकांच्या टेबलावर मिठाईचा डबा ठेवला.

मुली पावडर ओतून टाकायला लागल्या. तेव्हा वरून नवा हुकूम आला: रविवारी भेटायला येणाऱ्या पालकांनी आणलेलं खाणं आत घ्यायचं नाही, त्याने मुलींच्या तब्येतीला धोका आहे. फाटकावर मला उभं केलं. पहिल्याच रविवारी त्या सातवीतल्या मुलीची आई आली. पदराखाली फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकऱ्या, सुकट आणि घरच्या कोंबडीची उकडलेली अंडी. पहाटे निघून, एक जीप बदलून ती आली होती. फडकं अजून कोमट होतं.

"बाई, माझ्या हातचं खाऊन पोरगी आजारी पडेल, असं सांगतात?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मी फाटक उघडलं आणि सगळ्याच पालकांना आत सोडलं. मुली आंब्याखाली आयांजवळ बसून जेवल्या. एका आईने मलाही भाकरी दिली, ती मी तिथेच उभ्याने खाल्ली.

सोमवारी मुख्याध्यापकांनी देखरेखीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. "तुम्ही चांगल्या आहात हो," ते खाली बघत म्हणाले, "पण मला निवृत्तीपर्यंत इथे राहायचंय." पुढच्या रविवारपासून फाटकावर पहारेकरी उभा राहिला. उन्हाळ्यात माझी अथालच्या बाजूच्या शाळेत बदली झाली. कंत्राट संपलं तेव्हा ती पावडर गेली आणि दुसऱ्या कंपनीची आली, चॉकलेटच्या वासाची. अंडी आली नाहीत.

आता माझ्या वर्गात संतुलित आहाराचं चकचकीत पोस्टर लागलंय. त्यात मासा नाही, अंडं नाही, मटण नाही. खालच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आहे. तो धडा शिकवायची वेळ आली तेव्हा मी मुलांना सांगितलं, घरी जे शिजतं ते फळ्यावर येऊन लिहा. चिंबोऱ्या, नागली, सुकट, अळंबी, शेवग्याचा पाला असं लिहीत लिहीत त्यांनी फळा भरून टाकला. मी तो पुसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी तो पाण्याने धुऊन ठेवला होता.