वाट्यांकडे पाठ

आबाजी मासोळ्यांकडे पाठ करून उभे राहायचे. हात मागे बांधलेले, तोंड वैनगंगेकडे. त्यांच्या मागे वाळूवर एकेक वाटा पडत जायचा. मग कोणीतरी एकेका वाट्यापाशी थांबून विचारायचं, "हा कोनाचा?" आबाजी न बघता एका घराचं नाव घ्यायचे. ज्या घराचं नाव, त्याचा तो वाटा. त्यावर कोणी बोलायचं नाही.

आमची ढिवरांची वस्ती आरमोरीकडे, नदीकाठावर आहे. कॉलेजात गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितला, तेव्हा वस्तीतले सगळ्यात म्हातारे म्हणून मी आबाजींकडेच गेले. ते म्हणाले, "आपला कायचा इतिहास, बाई? जाळं टाकलं, वाटून खाल्लं. लिव तेवढंच." मी तेवढंच लिहिलं. सरांना ते कमी वाटलं. आता मलाही कमी वाटतं.

तुम्ही अशी वाटणी पाहिली असेल तर तुम्हाला माहीत असेल, वाटे कधीच सारखे होत नाहीत. मोठी मासोळी कोणी कापून सारखी करत नाही. आबाजींच्या वाट्याला बहुधा बारीक मासोळ्याच यायच्या. लोक हसायचे. तेही हसायचे. "आपली पाठच करंटी, गा."

मी सहावीत असताना बाबा तापानं गेले. आमच्या घरातून डोंग्यात बसून जाळं टाकायला जाणारं कोणी उरलं नाही. तरी आबाजी आमच्या घराचं नाव घेत राहिले. माणूस गेलेल्या घराचा वाटा बंद करायचा नाही, ही वस्तीची जुनी रीत. आमच्या टोपलीत एखादी मोठी मासोळी असायचीच. आई त्याला नशीब म्हणायची. ती मासोळी बाजारात विकूनच माझी वह्या-पुस्तकं आली.

पुढे वरच्या अंगाला धरण झालं आणि मासोळ्या कमी झाल्या. मी बारावी झाले, त्या वर्षी शेजारचे काका सगळ्यांसमोर बोलले, "पोरगी कालेजात जाऊन राह्यली. आता तिले वाटा काऊन?"

मी तिथेच टोपली घेऊन उभी होते. मला मान वर करता आली नाही.

आबाजी वळले नाहीत. "वाटा पोरीचा नाई, घराचा हाय. घर हाय ना अजून? इचार पुढचा वाटा."

या हिवाळ्यात आबाजी गेले. मी होस्टेलवरून घरी आले होते. त्यानंतर पहिल्यांदा जाळं ओढलं, तेव्हा त्यांच्या जागी उभं राहायला कोणी तयार होईना. शेवटी तेच काका म्हणाले, "पोरीले उभं करा. शिकली हाय, लबाडी नाई करन."

मी नदीकडे तोंड केलं, हात मागे बांधले. मागे वाटे पडू लागले, आणि मला ऐकू आलं. ओल्या वाळूवर मोठी मासोळी धप्पकन पडते. बारीक मासोळ्यांची नुसती सळसळ होते. तिसऱ्या वाट्यावर दोनदा धप्प झालं. शेवटच्या वाट्यावर सळसळच. न बघता सगळं कळत होतं.

आबाजींनाही कळत असणार. इतकी वर्षं.

"हा कोनाचा?" काकांनी तिसऱ्या वाट्यापाशी विचारलं.

 

"आबाजीच्या घराचा."

आबाजींची बायको, आमची सगळ्यांची आजी, आता त्या घरात एकटीच असते. तिची टोपली वाळूवरून सरकत पुढे आल्याचं मला ऐकू आलं.

शेवटी एकच वाटा उरला. "अन् हा?"

"आमचा."

काका मोठ्यानं हसले. "बुढा गेला, पन पाठ तुले देऊन गेला. तुही बी करंटीच, बाई."

"हो, काका," मी म्हणाले, आणि नदीकडेच बघत राहिले.