सिस्टरांची पस्तीसची लेन्स

"ऐकू येतंय का माझं?"

फोटो काढण्याआधी सिस्टर समोरच्या माणसाला हे विचारायच्या. नेहमीच्या आवाजात, जराही न ओरडता. समोरचा "काय?" म्हणाला की त्या एक पाऊल पुढे जायच्या. "येतंय की" म्हणाला की तिथंच थांबून कॅमेरा डोळ्याला लावायच्या. फोटोसाठी किती अंतरावर उभं राहायचं, याचं त्यांच्याकडे एवढंच माप होतं.

सोलापुरात माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. मोबाइल आल्यापासून गिऱ्हाईक कमी झालं, पण हौशी माणसं अजून येतात. बहुतेकांना लांबचं जवळ आणायचं असतं. तळ्यातले पक्षी, माळावरची हरणं, मिरवणुकीतले चेहरे. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, गळ्यात हातभर लांब लेन्स अडकवून चालणारी. सिस्टर त्यांच्यात बसणाऱ्या नव्हत्या.

त्यांनी एका प्रसूतिगृहात नर्स म्हणून जन्म काढला होता. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू आणि रस्त्यावर सोलापुरी मराठी, दोन्ही सारख्याच ठणठणीत. निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या मुलानं त्यांना कॅमेरा घेऊन दिला. देवळं काढ, फुलं काढ, वेळ जाईल, म्हणाला. बरोबर चोवीसपासून सत्तरपर्यंत फिरणारी झूम लेन्स होती. सिस्टर पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या तिची तक्रार घेऊन. लेन्स बिघडली नव्हती. तक्रार अशी होती, की ही फिरते.

"ही फिरती म्हणून मी फिरत न्हाय, भाऊ. उभ्या जागी सगळं मिळाया लागलं."

मी त्यांना समजावलं, की आकडा लहान तेवढं जास्त दिसतं, आकडा मोठा तेवढं लांबचं ओढून येतं. थोडे दिवस एकाच आकड्यावर काढून बघा, मग कळेल आपला कुठला ते. सिस्टरांनी पर्समधून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं, जखमेवर लावतात तसलं, आणि माझ्यासमोरच लेन्सचं कडं पन्नासवर चिकटवून टाकलं.

पन्नास त्यांना मानवली नाही. त्यांच्याकडच्या गल्ल्या अरुंद, घरं एका खोलीची. माणूस आणि त्याचा विणायचा माग दोन्ही चौकटीत घ्यायचे तर मागं सरावं लागायचं, आणि मागं भिंत. एकदा अशाच सरकत सरकत त्या शेजारणीच्या वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन बसल्या. मग पट्टी अठ्ठावीसवर आली. त्यात सगळं मावत होतं, पण जवळून काढलेल्या चेहऱ्याचं नाक पुढं यायचं. एका म्हातारीनं स्वतःचा फोटो बघितला आणि चार दिवस बोलणं टाकलं. शेवटी पट्टी पस्तीसवर आली आणि तिथंच राहिली. दिवाळीनंतर त्या आल्या, झूम माझ्या काउंटरवर ठेवली आणि त्या बदल्यात एक छोटी, न फिरणारी पस्तीसची लेन्स घेऊन गेल्या. मी म्हटलं, अहो, हिच्यात पक्षी ठिपक्याएवढा दिसेल. त्या म्हणाल्या, पक्ष्याला माझ्याशी काय बोलायचंय?

आमच्या गावातल्या हौशी फोटोग्राफरांचा एक ग्रुप होता. सिस्टरांना मीच त्यात ओढलं. ग्रुपचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर, दिलदार माणूस. आपल्या महागड्या लेन्स ते कुणालाही वापरायला देत. सिस्टरांनाही देऊ केली. लांबून काढलं की माणसं नैसर्गिक राहतात, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर म्हणाल्या, "लांबून इंजेक्शन देता येतंय का, साहेब?" सगळे हसले, साहेबही हसले.

त्या वर्षी ग्रुपनं हॉल घेऊन प्रदर्शन भरवलं. दारातच साहेबांचा सगळ्यात मोठा फोटो. उंबऱ्यावर बसलेली विडी वळणारी बाई, मांडीवर सूप, खांद्यावरून पदर ढळलेला, मनगटानं डोळे पुसतेय. खाली चिठ्ठी: 'वेदना'. फोटो खरोखर सुंदर होता. सिस्टर त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. ती बाई त्यांच्या मागच्या गल्लीतली होती. तिची दोन्ही बाळंतपणं त्यांच्या हातची.

त्यांनी साहेबांना विचारलं, हिला विचारून काढला का? साहेब म्हणाले, रस्त्यापलीकडून काढला, तिला कळलंसुद्धा नाही, तीच तर त्यातली गंमत. सिस्टरांनी फोटो उतरवायला सांगितलं. साहेबांनी नकार दिला. रस्ता सार्वजनिक होता, निवड परीक्षकांनी केली होती, नियमानं त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

मग सिस्टर फोटोकडे पाठ करून त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. येईल त्याला सांगायच्या, हा बघायचा न्हाय, हिला इचारलेलं न्हाय, पुढचे बघा. लोक आधी गोंधळले, मग पाय उंच करून डोकावायला लागले, तशा सिस्टरही सरकायला लागल्या. दुपार झाली तरी त्या हलेनात. ग्रुपवाल्यांनी मला पुढं केलं. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, सिस्टर, लोक हसतायत.

"हसू दे की."

संध्याकाळी प्रमुख पाहुणे यायच्या वेळी साहेब स्वतः आले. चिडलेले होते, पण हात जोडून बोलले. सिस्टरांनीही हात जोडले.

"साहेब, तुमचा फोटो लई चांगला हाय. म्हणून तर उभी राहिले. वाईट असता तर कोण बघणार होतं?"

पाहुणे आले, दिवे लागले, भाषणं झाली, आणि पाहुण्यांच्या प्रत्येक छायाचित्रात मागं निळ्या साडीतल्या सिस्टर ताठ उभ्या दिसतात.

दुसऱ्या दिवशी सिस्टर त्या बाईलाच घेऊन आल्या. बाई चप्पल दाराबाहेर काढून आत आली. हॉलमध्ये आम्ही पाच-सहा जण होतो, साहेबही. ती फोटोसमोर उभी राहिली. बोटानं काचेवरचा ढळलेला पदर चाचपला.

"हाक मारली असती तर नीट तरी बसले असते की," ती म्हणाली.

साहेब पुढं आले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं, बाई?"

तिनं त्यांच्याकडे सरळ बघितलं. "ते कुणाला सांगायचं न्हाय मला. तेवढं माझ्याजवळ राहू द्या."

साहेबांनी कुणाला बोलावलं नाही. स्वतःच स्टुलावर चढले आणि फोटो उतरवला. घाईत चिठ्ठी काढायची राहिली. प्रदर्शन संपेपर्यंत त्या मोकळ्या भिंतीवर 'वेदना' तशीच चिकटलेली होती.

पुढच्या वर्षी ग्रुपनं सिस्टरांना बोलावलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. गल्ल्यांमधून हिंडणं, घरोघरी फोटो नेऊन देणं चालूच राहिलं.

मग गुडघे गेले. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या, मी पुष्कळ बघितलीत म्हणायच्या. मुलानं माझ्याच दुकानातून लांब पल्ल्याची झूम घेतली. आता चालवत नाही तर दारात बसून काढत जा, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात माया होती, हे मलाही दिसत होतं. आठवड्याभरात लेन्सचा डबा न फोडलेला तसाच परत आला. मी फोन केला.

"मला चालता येत न्हाय," सिस्टर म्हणाल्या, "त्यांला येतंय की."

तेव्हापासून त्या उंबऱ्याशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायला लागल्या. "दग्गरिकी रा," म्हणजे जवळ ये. मराठी माणसांनाही ते तेलुगू कळायला लागलं. भाजीवाली टोपली उतरवून यायची, पोस्टमन सायकल लावून यायचा. मोठमोठे बाप्ये शर्ट खोचत पुढं यायचे, कारण त्यांतले निम्मे जन्मले तेव्हा पहिल्यांदा सिस्टरांनीच त्यांना उचललेलं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. आता त्या गल्लीत गेलं की दाराला कुलूप दिसतं, आणि माणसं तिथून सरळ निघून जातात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते थंडीत. साफ केलेला कॅमेरा द्यायला गेलो होतो. त्यांनी तो गळ्यात घालायला आणि घंटागाडी गल्लीत शिरायला एकच गाठ पडली. सिस्टरांनी हात केला. गाडी थांबली, ड्रायव्हर उतरला आणि कळकट हात पँटला पुसत समोर येऊन उभा राहिला. मागं दोन रिक्षा, मोटरसायकली, दुधाचा टेम्पो अडकला. भोंगे सुरू झाले. कुणीतरी मागून ओरडलं, म्हातारे, रस्ता तुझ्या बापाचा हाय का? ड्रायव्हर बिचारा मागं बघायला लागला, परत फिरायला लागला.

"हिकडं बघ," सिस्टर म्हणाल्या. "थांबू दे त्यांला."

त्यानं मान वळवली. कॉलर नीट केली. सिस्टरांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि काहीच घाई केली नाही.