फोटो उघडत नाही जी!

घरात कम्प्युटर असला आणि तो चालवणारी बाई दुपारी रिकामी असली, की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते स्वतःच चपला काढून आत येतात, चहा पितात आणि म्हणतात, "शोभा, एक छोटंसं काम होतं वो!" छोटं काम या जगात नसतं, हे मला जबलपूरच्या गढा भागातल्या आमच्या गल्लीने शिकवलं.

माझं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या घरातली तीन माणसं. विमलकाकू, त्यांचे यजमान वसंतकाका आणि मुलगा नितीन. काका फॅक्टरीतून रिटायर झालेले. घराणं अमरावतीकडचं, पण सगळं आयुष्य जबलपूरला गेलेलं. नितीन नोकरीला आहे. स्वभावाने लाख माणूस, पण लग्न काही जमत नव्हतं, आणि त्यामुळे काकूंच्या जिवाला घोर. बाकी सगळं बरं चाललं होतं. मग नितीनला प्रमोशन मिळालं, त्याने आईला आयफोन घेऊन दिला, आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

*

काकूंनी पहिलं काम काय केलं, तर नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाऊन आरतीचे फोटो काढले. ते छापून घ्यायचे म्हणून फोन माझ्या कम्प्युटरला लावला. एकही फोटो उघडेना.

मी समजावलं, "काकू, तुमचा फोन फोटो वेगळ्या प्रकारात ठेवतो. एचईआयसी म्हणतात त्याला. जागा कमी लागते त्यात. माझ्या जुन्या कम्प्युटरला फक्त जेपीजी कळतं. आधी बदलावे लागतील."

काकूंनी माझ्या कम्प्युटरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याच्या डोक्यावरची धूळ पदराने पुसत म्हणाल्या, "राहू दे, बोलू नको त्याले काही. महागाचा फोटो आहे. झेपत नसंल!"

*

"इतकं काय डोकं लावून राहिल्या तुम्ही दोघी?" म्हणत काका पुढे झाले. त्यांनी काकूंचा फोन टेबलावर ठेवला आणि आपल्या जुन्या फोनने त्या फोटोचाच फोटो काढला. लगेच उघडला! काका खूश. तिथल्या तिथे त्यांनी तो अमरावतीच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला.

मी नंतर तो मोठा करून पाहिला. नर्मदा होती, दिवे होते, पुजारी होते. आणि बरोबर मधोमध, पाण्यातून छातीपर्यंत वर आलेले वसंतकाका होते. बनियनमध्ये, चष्मा कपाळावर! काचेत पडलेलं प्रतिबिंब फोटोत जसंच्या तसं आलं होतं.

संध्याकाळी अमरावतीहून त्यांच्या बहिणीचा फोन. रडवेला आवाज.

"दादा, या वयात इतक्या थंड पाण्यात काहून उतरला रे?"

*

काकू हार मानणाऱ्यातल्या नाहीत. त्या रिक्षा करून कमानिया गेटच्या बाजारात गेल्या आणि झेरॉक्सवाल्याला म्हणाल्या, "भैया, ये फोटो निकाल दो." भैयानेही फार विचार केला नाही. सरळ फोन काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

नेमका त्याच क्षणी मी काकूंना फोन लावला होता. येताना कोथिंबीर आणा म्हणायला.

कागद बाहेर आला तो काळाकुट्ट. मधे पांढऱ्या अक्षरांत "शोभा" आणि खाली दोन गोल बटणं! काकूंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी येऊन माझ्यासमोर उलगडला.

"जपून ठेव वो. तुझा एवढा एकच फोटो आहे ज्यात तू बडबड नाही करून राहिली!"

*

मग नितीनला ऑफिसात कोणीतरी सांगितलं, की फाइलच्या नावाचं शेपूट खोडून तिथे जेपीजी लिहिलं की काम होतं. बिचाऱ्याने बसून एकेका फोटोचं नाव बदललं. एकही उघडला नाही.

काकू म्हणाल्या, "नुसतं नाव बदलून काय होते रे? लग्नात माझंही नाव बदललं होतं. मी बदलली का?"

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "तेच तर म्हणून राहिलो!"

त्या दिवशी काकांना जेवण उशिरा मिळालं.

*

शेवटी सोपा रस्ता मला सापडला. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला, की पलीकडे तो जेपीजी होऊनच पडतो. झालं! मी आम्हा चौघांचा एक ग्रुप केला. नाव "फोटो बदलणे." नियम एकच: फोटो टाकायचा, उतरवून घ्यायचा, बोलायचं काही नाही.

पण काकांना ग्रुपवर फोटो आला आणि आपण काही लिहिलं नाही, हा समोरच्याचा अपमान वाटतो. गॅसच्या पासबुकाचा फोटो आला तरी काका: "अतिसुंदर! अभिनंदन!" गळक्या नळाचा आला तरी तेच.

एकदा नितीनच्या पाठीवर घामोळ्या उठल्या. डॉक्टरच्या वेबसाइटवर फोटो टाकायचा होता, तिथे जेपीजीच चालत होतं. काकूंच्या फोनने पाठीचा फोटो काढला आणि टाकला ग्रुपवर. काका मंडईत होते, तिथून तत्काळ उत्तर: "अतिसुंदर! अभिनंदन!"

मी लिहिलं, "काका, नीट पाहा. काय आहे ते?"

बराच वेळ काका टाइप करताना दिसले. मग आलं, "जिथला असंल तिथला असो. निसर्गाची किमया!"

*

आता नितीनच्या फोटोबद्दल सांगायलाच हवं. समोरासमोर बसला तर हा मुलगा दगडाला हसवेल. पण कॅमेरा वर झाला रे झाला, की खांदे कानाला लागतात, डोळे वटारले जातात आणि ओठ आत ओढले जातात. स्थळांना पाठवायला फोटो हवा म्हणून काकू त्याला ग्वारीघाटावर घेऊन गेल्या. नावेजवळ उभा केला, फुलवालीजवळ उभा केला, सगळीकडे तोच चेहरा. शेवटी नाववाल्याला राहवलं नाही.

"भैया, अम्मा फोटू खींच रही हैं, एफआईआर नहीं लिख रहीं!"

त्यातल्या त्यात बरा एक निवडला. मी तो चकाचक जेपीजी करून स्थळांना पाठवत गेले. सगळ्यांकडे व्यवस्थित उघडला. उत्तर कुठूनच आलं नाही.

काकू रात्री दारात जपमाळ घेऊन बसायच्या आणि मधेच समोर माझ्याकडे पाहायच्या. मलाही फार वाईट वाटायचं. माझ्यासमोर वाढलेलं पोर, इतकं गुणी, आणि कोणी भेटायलासुद्धा तयार नाही.

*

मधल्या काळात मी फोनची सेटिंग धुंडाळली. कॅमेऱ्याच्या खाली एक पर्याय मिळाला, तो दाबला की फोन आपणच जेपीजी काढतो. मी विजयी मुद्रेने जाहीर केलं, "आजपासून त्रास संपला! फक्त आधी काढलेले फोटो तसेच राहतील."

"अच्छा," काका म्हणाले, "म्हणजे सरकारी नियमावानी. पुढच्यांले लागू, जुन्यांनी आपलं भोगावं."

नितीनचा फोटो जुन्यांत होता. दुसरा काढायला तो तयार नव्हता.

*

आणि मग बालाघाटचं स्थळ आलं. मुलगी पल्लवी. मराठी सगळं कळतं, बोलते हिंदी.

या वेळी काकूंनी फोटो मला दिलाच नाही. "तू बदलवते ना, त्यात पोराचं तेज चाललं जाते," म्हणाल्या, आणि अस्सल फोटो डॉक्युमेंट म्हणून जसाच्या तसा पाठवून दिला. मी सांगून पाहिलं, की असा पाठवला तर त्यांच्याकडे उघडेलच असं नाही. ऐकतं कोण! दुसऱ्याच दिवशी निरोप आला, "रविवारी मुलगा पाहायला येऊन राहिलो." काकू माझ्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मान अशी ताठ, की मला सगळं ऐकू आलं.

रविवारी पल्लवी, तिचे आईवडील आणि आजोबा आले. पोहे झाले, खोव्याची जिलबी झाली. आजोबांनी विचारलं, "स्वयंपाक येते का जी?"

नितीन म्हणाला, "चहा येतो आजोबा. पण तो चहाच आहे, हे आधी सांगावं लागते."

पल्लवीला हसताना ठसका लागला. हा पाणी आणायला धावला आणि अर्धा पेला स्वतःच्या शर्टावर सांडून आला.

ती म्हणाली, "आराम से. मैं कहीं नहीं जा रही."

काकूंचे डोळे भरून आले. मला तर बाई उठून नाचावंसं वाटलं! थोड्या वेळाने मुलीच्या वडिलांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चलो, आमच्याकडून होकार आहे."

इथेच थांबायला हवं होतं. पण काकूंना राहवेना.

"फोटोच असा होता ना जी!"

"फोटो?" वडील म्हणाले. "तो तर उघडलाच नाही. आम्ही म्हटलं, जाऊन पाहूनच घेऊ."

"उघडला नाही? शोभा! आत्ताच्या आत्ता जेपीजी करून दे यांना!"

मी डोळ्यांनी नको म्हटलं. नितीनने मान हलवून नको म्हटलं. काका इतके खोकले, की पल्लवीच्या आईने त्यांना पाणी दिलं. पण काकूंनी फोन माझ्या हातात कोंबला आणि डोक्यावर उभ्या राहिल्या. काय करणार? पाठवला.

पल्लवीचा फोन वाजला. तिने पाहिलं. आईला दिला. आईने पाहून नवऱ्याला दिला. काकूंच्या हातात जिलबीची प्लेट तशीच राहिली. फोन फिरताना पाहून नितीनचे खांदे हळूहळू कानाकडे जायला लागले.

फोन आजोबांपर्यंत पोचला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. आधी फोटो पाहिला. मग नितीनला पाहिलं. मग परत फोटो पाहिला, आणि फोन माझ्यासमोर धरला.

"पोरगा पसंत आहे जी. फोटो तेवढा परत घ्या."