कुर्टआजोबांनी हात वर का केला?

ज्या माणसाने आमचं स्की सेंटर उभं केलं, ते बंद करायला पहिला हात त्यानेच वर केला.

काल सकाळी तो माणूस गेला.

कुर्टआजोबा.

आणि मला रडू येतंय की राग येतोय, खरंच कळत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बॉबलिंगेनला राहतो. तिथून गाडीने तासाभरावर, आल्बच्या पठारावर एक छोटं गाव आहे. तिथे लांगलाउफ सेंटर होतं. उतारावरून सुसाट येतात ते स्कीइंग नव्हे. सपाटीवर, शेतांमधून, जंगलाच्या कडेने आपल्याच पायांनी रेटत जायचं ते.

आमची ओळख भांडणातून झाली.

जर्मनीतला दुसरा हिवाळा. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांना बर्फ दाखवायला नेलं. साडीवर माझं जॅकेट, पायात माझ्या नवऱ्याचे, राहुलचे बूट. बर्फात दोन सुंदर सरळ रेघा होत्या, त्यांच्यावरून त्या मस्त चालत सुटल्या.

लांबून एक उंच म्हातारा ओरडत आला. "नाइन! नाइन! लोइपेवर चालायचं नाही!"

नाइन म्हणजे नाही, आणि लोइपे म्हणजे स्कीसाठी पाडलेला माग. त्यावर बुटांनी चालणं म्हणजे नुकत्याच काढलेल्या रांगोळीवर पाय देणं. हे आम्हाला कुठे माहीत?

सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणतोय गं हा? रस्ता काय याच्या बापाचा आहे?"

होता. ते शेत खरोखर त्यांच्या वडिलांचं होतं.

मी भाषांतर केलं नाही. पण टोन सगळ्या भाषांत कळतो. ते एकदम हसायलाच लागले. सेंटरमध्ये गेले आणि सासूबाईंच्या मापाचे स्की बूट घेऊन आले.

"आई, नको हं," राहुल म्हणाला.

"गप रे. एवढा आणून देतोय ना माणूस?"

चार पावलं गेल्या, धप्पकन बसल्या, आणि बसल्या जागी हसत राहिल्या.

त्यानंतर आम्ही दर हिवाळ्यात जात राहिलो.

सेंटरच्या लाकडी खोलीत त्यांची बायको, रेनाटेआजी, चहा आणि केक द्यायच्या. जुनं सांगायच्या. तरुणपणी कुर्ट आणि त्यांचा भाऊ शेतकऱ्यांच्या दारोदार फिरले होते. हिवाळ्यात तुमच्या शेतातून माग काढू द्या म्हणून. सुरुवातीला माग स्वतःच्या पायांनी दाबायचे. मग ट्रॅक्टरमागे लाकडी खोकं ओढून. मग सगळ्या गावाने मिळून ती खोली बांधली.

त्या काळी रविवारी श्टुटगार्टहून बस भरून माणसं यायची. शाळांच्या सहली, शर्यती, केकसाठी रांग.

"गावातली अर्धी लग्नं इथेच जमली," रेनाटेआजी म्हणायच्या.

"आणि काही इथेच मोडली," हे आजोबा.

मग बर्फ कमी होत गेलं. आधी डिसेंबर गेला. मग मार्च. मग कधीकधी अख्खा सीझन.

गेल्या शरद ऋतूत फेराइनची, म्हणजे सेंटर चालवणाऱ्या गावच्या संस्थेची, मीटिंग झाली. चालू ठेवायचं की बंद करायचं?

मीपण मेंबर. मी जर्मनमध्ये भाषण तयार केलं होतं. भुशाखाली बर्फ साठवू, उन्हाळ्यात चाकांच्या स्की आणू, असं बरंच काही. माझ्या डेअर-डी-दासचा, म्हणजे जर्मन शब्दांच्या लिंगांचा, पार बोऱ्या वाजला, पण बोलले. कुर्टआजोबा पहिल्या रांगेत मान डोलावत होते. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होते.

मला वाटलं, जिंकलो.

मग विचारलं गेलं, "बंद करावं असं कोणाकोणाला वाटतं?"

पहिला हात त्यांचा.



मग एकेक हात वर गेला. त्यांचा गेला नसता, तर बाकीचेही गेले नसते, असं मला आजही वाटतं.

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. "का?"

"मानसी, सकाळी फोन वाजतो. लोक विचारतात, आज बर्फ आहे का? मी म्हणतो, नाही. कित्येक वर्षं मी फक्त नाहीच म्हणतोय."

"मग फोन मी घेते ना!"

"तूही नाहीच म्हणशील."

मला पटलं नाही. गाडीत बसून राहुलशी उगाच भांडले.

जानेवारीत बर्फ पडलं. चांगलं, घट्ट, भरपूर.

रेनाटेआजींचा फोन आला. "तू तरी याला सांग काहीतरी. सकाळपासून शेतात आहे."

आम्ही गेलो. सेंटरला कुलूप. माग पाडायचं मशीन विकलेलं. आणि कुर्टआजोबा एकटे, पायात स्की, शेतात गोल गोल फिरत माग दाबत होते.

"आजोबा, बंद केलं ना तुम्ही?"

"आल्झो... म्हणजे, फेराइन बंद झाला."

"मग हे काय चाललंय?"

ते थांबले. धाप लागली होती. 

"मलाही माहीत नाही," म्हणाले.

गंमत करत नव्हते. खरंच माहीत नव्हतं त्यांना. मी तिथे उत्तर मागायला गेले होते, आणि माझ्यासमोर माझ्याइतकाच गोंधळलेला माणूस उभा होता.

"स्की आणल्यास का?" त्यांनी विचारलं.

आणल्या होत्या.

दुपारपर्यंत गावातली माणसं एकेक करून आली. हात वर करणारी तीच माणसं. मीटिंगबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे त्या एवढ्याशा शेतात एकामागून एक फिरत राहिले.

दोन दिवसांनी पाऊस आला. सगळं वाहून गेलं.

आणि काल स्वयंपाकघरात, कॉफी ओतता ओतता, आजोबाच गेले.

आज रेनाटेआजी फोनवर म्हणाल्या, "शुक्रवारी दफन आहे. तू चार शब्द बोल."

"मी काय बोलू?"

"वाटेल ते."

"आजी, मला त्यांचा राग आलाय."

 मग त्या म्हणाल्या, "जा. मलाही आलाय. तेच बोल."

जर्मन जा. म्हणजे हो.

तर शुक्रवारी मी तेच बोलणार आहे. चुकत, अडखळत.

आजोबा, तुम्ही हात वर का केलात, मला अजून कळलेलं नाही. तुम्हालाही कळलं नव्हतं, एवढंच कळलंय.

भावपूर्ण तर आहेच. श्रद्धांजली मात्र अजून जमत नाहीये.

आमच्यात निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत.

या, कुर्टआजोबा.