उजवीकडचं वळण

फुलसावंगीला ट्रॅक्टरसकट विहिरीत पडून एक माणूस गेला. त्या ट्रॅक्टरखालचा गवत कापायचा कटर मी विकत घेतला आणि माझ्या छोट्या ट्रॅक्टरला बसवून घ्यायला मारेगावच्या एका वेल्डरकडे नेला. कटर कुठला, ते त्याला सांगितलं नव्हतं.

त्यानं नवे क्लॅम्प जोडले, पट्टा बदलला. वेल्डिंगचा प्रत्येक टाका मारून झाला की तो पत्र्याला कान लावायचा आणि कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवायचा.

मी निघालो तेव्हा माझं मनगट धरून म्हणाला, "भाऊ, याले उजवीकडे वळवू नोका. तिकडे विहीर हाये."

माझ्या संत्र्याच्या बागेत विहीर नाही, बोअर आहे. तरी मी दरवेळी डावीकडेच वळतो. उजवीकडचं गवत आता कमरेएवढं झालंय.