वहिनींच्या हातचं खोकं

सबंध मोटार मार्केट त्यांना वहिनी म्हणायचं. वयाने त्यांच्या वडिलांएवढे असलेले दुकानदारही वहिनीच म्हणायचे. क्लच किटचा ठोक धंदा सासऱ्यांनी उभा केलेला. नवरा आतल्या खोलीत बसून ऑर्डरी घ्यायचा, धाकटा दीर व्हॅन भरून गावोगावच्या गॅरेजांना माल पोचवायचा. पण कोणत्या कारखान्याचा माल गोदामात शिरेल आणि कोणाचा दारातूनच मागे फिरेल, हे एकट्या वहिनी ठरवायच्या. कारण घरात सगळ्यात भित्र्या त्याच होत्या.

ही चेष्टा नाही. खरेदी त्यांच्याकडे सोपवताना सासरे म्हणाले होते, "शूर माणूस खरेदीला बसवला की दिवाळं निघतं. हिलाच बसवा." आणि भित्र्या म्हणजे किती? गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जिन्यातून माघारी. लिफ्टमध्ये एकटीने पाऊल टाकणार नाहीत. दुधाने तोंड पोळलेले लोक ताक फुंकून पितात. या बाई तोंड न पोळताच पाणीसुद्धा फुंकून पितील. दीर व्हॅन घेऊन निघाला की मागोमाग फोन: टायर बघितलेत का, झोप झाली होती का, ढग दिसताहेत, परत येता का. दीर गडगडाटी हसायचा. "वहिनी, तुम्ही आरशात बघतानासुद्धा आधी मागे कोण उभं आहे ते बघता!" घर हसायचं, आणि त्याबरोबर वहिनीही हसायच्या. हसल्या की छातीवरचा धोंडा थोडा हलका व्हायचा.

त्या आठवड्यात एका नव्या कारखान्याने नमुन्याला दोन किट पाठवली. भाव असा की दीर हरखूनच गेला. वहिनींनी एका किटातली क्लच प्लेट घरच्या जुन्या ओव्हनमध्ये चांगली तापवली आणि हातोडीने हलकेच ठोकली. प्लेटवरच्या लायनिंगचा शिळ्या पावासारखा भुगा झाला. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचते ती या लायनिंगच्या पकडीवर. तेच सुटलं तर खाली उरतो नुसता गुळगुळीत पत्रा.

दिराला पटेना. "तुम्ही जाळलीत तर काय होणार तिचं?" म्हणून वहिनींनी नमुन्याची दुसरी प्लेट काढली, नेहमीच्या कारखान्याच्या किटमधली प्लेट तिच्या शेजारी ठेवली. काउंटरवर दोन उघडी खोकी आणि जुळ्या बहिणी दिसाव्यात अशा दोन प्लेटा.

"बघा, काही फरक दिसतो?" वहिनी म्हणाल्या. "भावोजी, बाहेरून कळत असतं तर मला इथे कशाला बसवलं असतं?"

"बरं बाई, नको तर नको," दीर म्हणाला. "पण माझ्याच व्हॅनचा क्लच घसरतोय. हे चांगलं किट आता मलाच द्या."

वहिनींनी प्लेटा खोक्यांत घातल्या. नमुन्याचं खोकं परत पाठवायला बाजूला ठेवलं, चांगलं खोकं दिराच्या हातात दिलं. समोरच्या गॅरेजवाल्याने ते त्याच संध्याकाळी व्हॅनला बसवलं. एरवी तो प्रत्येक प्लेट उजेडात धरून, उलटसुलट करून बघायचा. पण वहिनींच्या हातचं खोकं, त्यात काय बघायचं?

सकाळी दीर आणि जाऊ निघाले. घाटापलीकडच्या गावात माल उतरवायचा होता आणि जावेला आईला भेटायचं होतं. व्हॅन छतापर्यंत भरलेली. वहिनींनी नेहमीसारखी उलटतपासणी घेतली, दीर नेहमीसारखा हसला.

ते गेल्यावर वहिनी नमुन्याचं खोकं बांधायला बसल्या. सवयीने प्लेट एकदा बाहेर काढली. मधल्या लोखंडावर बारीक, नीट निरखलं तरच दिसणारा शिक्का होता. नेहमीच्या, चांगल्या कारखान्याचा.

त्यांना आधी वाटलं, आपण वाचायला चुकलो. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शिक्का तोच होता. चांगली प्लेट इथे होती. म्हणजे नमुन्याची दुसरी प्लेट, भुगा झालेल्या प्लेटच्या जोडीने आलेली, व्हॅनमध्ये होती.

त्यांनी हाक मारून सांगितलं, व्हॅन थांबवायला हवी. नवरा आतून म्हणाला, "अगं, नेहमीचंच तुझं. पोचतील ते." वहिनी घाट डोळ्यांपुढे आणत होत्या. भरल्या व्हॅनने चढ चढताना प्लेट तापणार. कदाचित तग धरेल, कदाचित धरणार नाही. चढावर सुटली तर गाडी नुसती थांबेल. खरं भय पलीकडच्या उताराचं. उतारावर गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागे ओढून धरतं. प्लेट सुटली की ते धरणं संपलं. मग सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेले ब्रेक एका वळणावर साथ देतात, पुढच्या वळणावर देतीलच असं नाही.

दिराचा फोन लागेना. घाटात रेंज नव्हती. जावेचाही लागेना.

मग त्यांना सुचलं की त्या सगळ्या रस्त्यावर आपलीच गिऱ्हाइकं बसलेली आहेत. घाटाच्या पायथ्याच्या गॅरेजला फोन लावला. "व्हॅन? मघाशीच हॉर्न देऊन गेले की तुमचे भावोजी." राहिला माथ्यावरचा मिस्त्री. काडीसारख्या अंगाचा, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणायचे. त्याच्या दुकानात तारेवरचा जुना फोन होता.

"पहिलवान, आमची व्हॅन दिसली की अडवा. रस्त्यात आडवे व्हा, पण पुढे जाऊ देऊ नका."

"पोलीस मागे लागलेत का वहिनी?"

"मी लागलेय. जा बाहेर!"

फोन तसाच ठेवून तो बाहेर गेला. वहिनी कानाला रिसीव्हर लावून ऐकत राहिल्या. एक ट्रक गेला. कोणीतरी पाना खाली टाकला. कुत्रं भुंकलं. प्रत्येक गाडीच्या आवाजाला वाटायचं, हीच ती, आणि आवाज दूर गेला की वाटायचं, नव्हती. व्हॅन आधीच निघून गेली असेल तर? हे ऐकणं म्हणजे रिकाम्या रस्त्याला कान लावणं होतं. त्यांना वाटलं फोन ठेवावा, आणि वाटलं की ठेवला तर सगळं संपेल.

मग ओळखीचा हॉर्न, आणि पहिलवानाची आरोळी. थोड्या वेळाने दिराचा आवाज आला, हसू दाबलेला.

"काय वहिनी, आता पहिलवानालाही कामाला लावलंत? बिचारा गाडीखाली आला असता! खाली उतरलो की फोन करतो."

"भावोजी, पुढे जाऊ नका. क्लच उघडा."

"अहो, मस्त चढली गाडी. जरा वास आला, नवीन प्लेट आहे, येतोच. भिऊ नका."

हेच ते, वहिनींना वाटलं. लांडगा आला रे आला, असं आपण आयुष्यभर ओरडलो. आता खरंच आलाय तर कोण ऐकणार? त्यांना रडू फुटायला आलं होतं, पण आवाज मात्र निघाला तो कोरडा.

"मी भीत नाहीये. मी चुकलेय. प्लेटा माझ्या हातून बदलल्या. चांगली प्लेट इथे माझ्या मांडीवर आहे."

वहिनी चुकल्या, हे वाक्य त्या घरात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मग दीर म्हणाला, "पहिलवान, गिअरबॉक्स उतरव."

पहिलवानाच्या दुकानातून पुढचा फोन जावेचा आला. "ताई, लायनिंग अर्धं गळलंय. उरलेलं मिस्त्रींनी बोटाने सोलून दाखवलं. हे दगडावर बसून उताराकडे बघताहेत."

वहिनी तेव्हा रडल्या.

त्यानंतर घर बदललं. दीर आता टायर बघून निघतो, पोचल्यावर न विचारता कळवतो. परवा जुन्या, खात्रीच्या कारखान्याचा ट्रक दारात आला. वहिनी जिभेच्या सवयीने म्हणाल्या, "मला जरा धाकधूकच वाटतेय." मालाबद्दल तसं काही नव्हतं, सकाळपासून त्यांना कशाची ना कशाची वाटतच होती. दिराने लगेच ड्रायव्हरला माघारी फिरायची खूण केली. भरलेला ट्रक तसाच मागे वळला.

"अहो भावोजी, मी आपलं उगाच म्हटलं!"

"असू दे वहिनी."

त्यांनी दिराकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. दोघांचे चेहरे गंभीर होते. कोणीतरी हसावं म्हणून वहिनींनी स्वतःच थोडं हसून पाहिलं. कोणी हसलं नाही.